बर्फावरील धडक आणि सक्तीची विश्रांती

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत मुलाच्या वा मुलीच्या घरी हिवाळा काढून आलेल्या ज्येष्ठांना एक दृश्य चांगले परिचयाचे असेल. शनिवारची पहाट, दाराबाहेर साचलेला बर्फ, आणि दहा-अकरा वर्षांचा नातू स्वतःपेक्षा मोठी पिशवी ओढत मोटारीकडे निघालेला. त्या पिशवीत शिरस्त्राण, खांद्यांचे व कोपरांचे कवच, नडग्यांच्या ढाली, दातांसाठी रबरी आवरण आणि पात्याचे बूट असा सारा सरंजाम असतो. आजी-आजोबा गरम कपड्यांत गुरफटून प्रेक्षकांच्या बाकावर बसतात आणि थोड्याच वेळात समोरच्या काचेवर कुणाचा तरी देह धाडकन आदळतो. आपल्या हॉकीशी नाव सोडले तर या खेळाचे फारसे नाते नाही, हे त्या क्षणी मनोमन पटते.

आइस हॉकी हा जगातील अत्यंत वेगवान सांघिक खेळांपैकी एक. प्रत्येक बाजूने गोलरक्षकासह सहा खेळाडू, पायांखाली टणक बर्फ, चारही बाजूंना उंच फळ्या व काचा, आणि चेंडूऐवजी कडक रबराची सुमारे १७० ग्रॅम वजनाची चकती, जिला ‘पक’ म्हणतात. गवतावर धावणाऱ्याला थांबता येते. बर्फावर वेगाने घसरणाऱ्याला ते तितकेसे साधत नाही. त्यात वरच्या वयोगटांत ‘बॉडी चेकिंग’ला, म्हणजे पक ज्याच्यापाशी आहे त्याला अंगाने धडक देऊन तो हिसकावण्याला, नियमानेच परवानगी असते. ही मुभा ओलांडून कुणी काठीने मारले, पायात पाय अडकवला, पाठीमागून फळीवर ढकलले, तर पंच त्याला शिक्षा देतो. साधी शिक्षा दोन मिनिटांची, गंभीर पाच मिनिटांची, आणि गैरवर्तनाबद्दल दहा मिनिटांची. साध्या वा गंभीर शिक्षेत तेवढा वेळ खेळाडूने मैदानाबाहेरच्या खोक्यात बसायचे आणि त्याच्या संघाने बहुधा एका माणसाने कमी होऊन खेळायचे. म्हणून या खेळात दुखापत आणि शिक्षा ही जोडगोळी आहे. ज्या सामन्यात शिक्षा फार, त्या सामन्यात रागही फार आणि मोडतोडही फार, हा साधारण अनुभव.

महासाथीने या जोडगोळीचे काय केले, हा प्रश्न वरवर पाहता परदेशी आणि अगदी तरुणांचा वाटेल. परंतु त्यात एक गोष्ट दडली आहे जी सत्तरीतल्या माणसालाही तितकीच लागू पडते. दीर्घकाळ थांबलेले शरीर पुन्हा कामाला लावताना काय होते, आणि थांबण्यापूर्वीची प्रत्येक सवय पुन्हा जशीच्या तशी उचलायलाच हवी का, हा तो मुद्दा.

१२ मार्च २०२० रोजी ‘हॉकी कॅनडा’ या राष्ट्रीय संस्थेने आपल्या अखत्यारीतील सर्व सामने व सराव थांबवल्याचे जाहीर केले. ज्या देशात हिवाळा आणि हॉकी हे जवळजवळ समानार्थी शब्द, तेथे ऐन अंतिम स्पर्धांच्या दिवसांत बर्फाची मैदाने ओस पडली. साहजिकच दुखापतींचे आकडे कोसळले. जेथे खेळच नाही तेथे खेळातली इजा कोठून येणार? पण अशा आकड्यांकडे पाहताना एक सावधगिरी बाळगावी लागते. एका गावात यंदा विहिरीत पडून कुणी दगावले नाही म्हणून विहिरीला कठडा बांधला गेला असे होत नाही. कदाचित यंदा पाणी आणायलाच कुणी गेले नसेल. खेळांच्या वैद्यकशास्त्रात म्हणूनच नुसती दुखापतींची संख्या मोजत नाहीत, तर खेळाडूंनी मैदानावर घालवलेल्या दर हजार तासांमागे किती दुखापती झाल्या ते पाहतात. संख्या घटली आणि दर तोच राहिला, तर खेळ सुरक्षित झाला नाही, केवळ कमी झाला.

शिवाय महासाथीच्या काळातील नोंदीच अपुऱ्या. लोक दवाखान्यात जायला बिचकत होते. मुरगळलेला घोटा घरीच बांधला जात होता. २०२०-२१च्या हिवाळ्यात कॅनडातील कितीतरी कुटुंबांनी परसात पाणी ओतून घरगुती बर्फमैदाने तयार केली. तेथे ना पंच, ना पूर्ण कवच, ना अपघाताची वही. तेथे फुटलेल्या ओठांचा आणि आपटलेल्या डोक्यांचा हिशेब कोणत्याही संघटनेच्या दप्तरात सापडणार नाही.

खेळ पुन्हा सुरू करण्याची घाई मात्र सर्वत्र होती, आणि तिची किंमत लवकरच कळली. १६ जून २०२० रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, टॅम्पा बे परिसरात, हौशी प्रौढांचा एक सामना झाला. दोन संघ, प्रत्येकी अकरा खेळाडू, वये १९ ते ५३. सामना तासाभराचा, त्याआधी आणि नंतर कपडे बदलण्याच्या खोलीत वीसेक मिनिटे सोबत. मुखपट्टी कुणाच्याच तोंडावर नाही. एका खेळाडूला दुसऱ्या दिवशी ताप व खोकला सुरू झाला. पाच दिवसांत २२ पैकी १४ खेळाडूंना आणि मैदानावरील एका कर्मचाऱ्याला लक्षणे दिसली. त्यांपैकी १३ जणांना कोविड असल्याचे तपासणीत निश्चित झाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ही घटना सविस्तर नोंदवली आहे. बंदिस्त जागा, थंड हवा, धापा टाकत घेतलेले खोल श्वास आणि सतत अंगाशी अंग अशी संसर्गाला सोयीची सारी सामग्री या खेळात एकत्र येते. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेच्या ईशान्येकडील सात राज्यांनी मुलांच्या हॉकीचे आंतरराज्य सामने वर्षअखेरपर्यंत स्थगित केले.

मग काही ठिकाणी खेळ थांबवण्याऐवजी तो बदलण्यात आला, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोधक भाग हाच. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात २०२०-२१च्या हंगामासाठी मुलांच्या हॉकीतून अंगधडक वगळण्यात आली. कोठे तीन-तीन, कोठे चार-चार खेळाडूंचे छोटे सामने ठरले. संसर्ग टाळावा म्हणून माणसे एकमेकांपासून दूर ठेवायची होती. मेंदूला बसणारे हादरे टाळावे हा हेतू नव्हता. पण जी गोष्ट बालरोगतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत होते, ती एका विषाणूने काही आठवड्यांत मान्य करवून घेतली. हा प्रयोग फार काळ टिकला नाही. २६ डिसेंबरपासून ऑन्टारिओत पुन्हा टाळेबंदी आली आणि तो हंगाम बहुतेकांच्या बाबतीत तेथेच संपला.

शेजारच्या क्वेबेक प्रांतात बदलाची दिशा शिक्षांकडे वळली. १६ ते २० वयाच्या खेळाडूंच्या तेथील प्रमुख लीगने ऑक्टोबर २०२०मध्ये मैदानावरील मारामारीसाठी पूर्वीच्या शिक्षेत दहा मिनिटांची भर घातली. महासाथीने संघांची तिजोरी रिकामी केली होती, प्रांत सरकारकडून साहाय्य हवे होते, आणि सरकारने मुष्टियुद्धाचा विषय त्याच वेळी ऐरणीवर आणला. आइस हॉकीत हातमोजे फेकून ठोसे लगावणे ही अनेकांना परंपरा वाटते, हे आपल्या वाचकांना अजब वाटेल. तेथील कित्येक आजोबांना मात्र ती काढून टाकणे अजब वाटले. पुढे २०२३मध्ये त्या लीगने मारामारी करणाऱ्याला थेट सामन्याबाहेर काढण्याचा नियम केला. म्हणजे महासाथीत पैशांच्या निकडीने उघडलेले दार नंतर आणखी उघडत गेले.

अंगधडक काढल्याने खरोखर फरक पडतो का, याचे उत्तर महासाथीच्या आधीच मिळाले होते. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात अकरा-बारा वर्षांच्या २,१५४ खेळाडूंचा हंगामभर मागोवा घेण्यात आला. आल्बर्टा प्रांतात त्या वयाला धडकेची परवानगी होती, क्वेबेकमध्ये नव्हती. मुलांची संख्या दोन्हीकडे जवळजवळ सारखी. आल्बर्टात २४१ दुखापती नोंदल्या गेल्या, क्वेबेकमध्ये ९१. मेंदूला हादरा बसण्याच्या घटना आल्बर्टात ७८, क्वेबेकमध्ये २३. या पुराव्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थेने २०११मध्ये आणि कॅनडाने २०१३मध्ये या वयोगटातून अंगधडक हद्दपार केली.

त्या वेळी एक प्रतिवाद जोरात मांडला गेला, आणि तो ऐकायला रास्त वाटतो. धडक घ्यायची व द्यायची कला लहानपणीच शिकवली नाही तर मोठेपणी मुले अधिक जायबंदी होतील. पोहायला लवकर शिकवावे तसे हे. पण २०२२मध्ये कॅनडातील पंधरा ते सतरा वयाच्या खेळाडूंच्या अभ्यासात चित्र उलटे निघाले. ज्यांना धडकेचा तीन वा अधिक वर्षांचा अनुभव होता, त्यांच्यात दुखापतींचा दर कमी अनुभव असलेल्यांच्या दुपटीहून अधिक होता. अनुभवाने शहाणपण येते हे खरे असले तरी प्रत्येक अनुभवाने येतेच असे नाही. काही अनुभव फक्त सवय लावतात.

शिक्षांबद्दलही असाच एक जुना धडा आहे. १९९४ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तरुणांच्या एका स्पर्धेत पहिल्या फेऱ्यांसाठी ‘फेअर प्ले’ची पद्धत वापरली गेली. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी शिक्षा झालेल्या संघाला गुणतक्त्यात जादा गुण. अंतिम फेऱ्या नेहमीच्या नियमांनी. खेळाडू तेच, मैदान तेच, आठवडाही तोच. पण नेहमीच्या नियमांच्या सामन्यांत लक्षणीय दुखापती कित्येक पटींनी अधिक झाल्या. सभ्यतेला गुण मिळतात असे कळले की मुले सभ्य खेळतात.

आता परतीच्या वाटेकडे येऊ. २०२१च्या शरद ऋतूत जेव्हा बहुतेक ठिकाणी खेळ पूर्ण स्वरूपात सुरू झाला, तेव्हा एक विचित्र पिढी मैदानात उतरली. मार्च २०२०मध्ये बारा वर्षांचा असलेला मुलगा आता साडेतेरा-चौदा वर्षांचा झाला होता. या वयात मुले वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर उंच होतात. हाडे लांबतात, स्नायू मागे राहतात, आणि अंगाचा तोल नव्याने सांभाळावा लागतो. एरवी हा बदल सरावाच्या ओघात जिरतो. या मुलांच्या बाबतीत मधला हंगाम गळून पडला होता, आणि परतल्यावर ते नेमके अशा वयोगटात पोहोचले होते जेथे अंगधडकेला परवानगी सुरू होते. कुणाचा मुलगा एव्हाना पाच फूट नऊ इंच, कुणाचा अजून पाच फुटांखाली. दोघांनाही एकाच बर्फावर एकमेकांवर आदळायचे. येथे प्रशिक्षकांनी घाई न करता पहिले काही आठवडे केवळ तोल, वळणे, फळीजवळ उभे राहण्याची पद्धत आणि मान वर ठेवण्याची सवय यांवर घालवायला हवे होते. अनेकांनी तसे केलेही. पण हरवलेला हंगाम भरून काढण्याची हाव पालकांतही होती, आणि ती महागात पडू शकते हे कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञाला सांगावे लागत नाही.

याचा एक ठळक दाखला दुसऱ्या खेळातून देतो. २०११मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे साडेचार महिने संघांचे सराव बंद होते. परतल्यावर शिबिराच्या पहिल्या बारा दिवसांत दहा खेळाडूंच्या टाचेमागील स्नायुबंध, ज्याला ॲकिलिस म्हणतात, फाटले. पुढील सतरा दिवसांत आणखी दोन. तिशीच्या आतबाहेरची, जगातील उत्तम प्रशिक्षक दिमतीला असलेली ही माणसे. त्यांची ही गत, तर आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या पन्नाशीच्या हौशी माणसाने काय धडा घ्यावा?

त्या हौशी माणसाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण तो आपल्या वाचकवर्गाच्या अधिक जवळचा. कॅनडात साठी-सत्तरीतही हॉकी खेळणारे अनेक आहेत. कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे ‘पीनट्स’ या चित्रमालिकेचे जनक चार्ल्स शुल्झ यांनी १९७५मध्ये सुरू केलेली ज्येष्ठांची स्पर्धा प्रसिद्ध आहे. ज्येष्ठांच्या सामन्यांत अंगधडक सहसा वर्ज्य असते, म्हणून धोका संपला असे मात्र नाही. तो हाडांकडून हृदयाकडे सरकतो. २००२मध्ये कॅनडातील संशोधकांनी ११३ हौशी पुरुष खेळाडूंच्या हृदयाची गती प्रत्यक्ष सामना खेळताना मोजली. ही बहुतेक मध्यमवयीन माणसे होती. त्यांच्या कमाल गतीची सरासरी मिनिटाला १८४ ठोके निघाली, म्हणजे व्यायामासाठी त्या वयात सुचवल्या जाणाऱ्या मर्यादेच्या कितीतरी वर. आणि खेळ थांबल्यावरही अनेकांची गती जितक्या लवकर उतरायला हवी तितक्या लवकर उतरत नव्हती. आइस हॉकीत खेळाडू मिनिटभर जीव तोडून खेळतो, मग बाकावर बसतो, पुन्हा जीव तोडून खेळतो. चाळीस मिनिटे समान वेगाने चालणे आणि हे झटके यांत हृदयाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. जो माणूस दर आठवड्याला खेळत होता त्याचे हृदय निदान सरावलेले असायचे. दीड वर्ष सोफ्यावर काढून, चार-सहा किलो वाढवून, कदाचित मधल्या काळात कोविड अंगावर काढून, तोच माणूस पहिल्याच शनिवारी जुन्या मित्रांसोबत जुन्याच त्वेषाने खेळायला उतरला, तर काय होईल याची कल्पना करवत नाही.

विश्रांतीने स्नायूंचे काय होते, याचे मोजमाप झालेले आहे. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले गेले. त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुसदृश ऊतक कमी झाले आणि गुडघा सरळ करण्याची ताकदही लक्षणीय घटली. लक्षात घ्या, ही आजारी माणसे नव्हती. टाळेबंदीत आपल्याकडच्या कितीतरी आजी-आजोबांचे सकाळचे फिरणे, देवळात जाणे, भाजी आणणे वर्षभर बंद राहिले. नंतर गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, तोल जातो, अशा तक्रारी ज्येष्ठांनी केल्या तेव्हा घरच्यांनी ते वयावर ढकलले. वय होतेच, पण हिशेबात ती सक्तीची विश्रांतीही धरायला हवी होती.

म्हणून दीर्घ खंडानंतर परतणाऱ्या प्रौढ खेळाडूला मी जे सांगेन, तेच गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा न्यूमोनियातून उठून पुन्हा बागेत जाऊ पाहणाऱ्या आजोबांच्या मुलीलाही सांगेन. पहिले दोन आठवडे फक्त चालणे, रोज थोडे. मग वेग. मग, खेळाडूच्या बाबतीत, काठी व पक न घेता नुसते बर्फावर फिरणे. छोट्या फेऱ्या, लांब विश्रांती. सामना शेवटी, आणि पहिला सामना अर्धाच. रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असेल तर आरंभापूर्वी डॉक्टरांची तपासणी. गेल्या काही आठवड्यांत कोविड वा तीव्र ताप येऊन गेला असेल आणि छातीत दुखणे, धडधड, भोवळ वा अकारण धाप जाणवत असेल, तर तपासणीआधी बर्फावर पाय ठेवू नये. विषाणुजन्य आजारानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि ती जोराच्या श्रमात घातक ठरते. जांघेतील स्नायू हा आइस हॉकीपटूचा दुबळा दुवा असतो, त्याला खेळापूर्वी दहा मिनिटे हळूहळू गरम करणे हा खर्च नव्हे, बचत आहे. खेळणाऱ्यांना हा सारा क्रम कंटाळवाणा वाटतो, हे मी जाणतो.

महासाथीने या खेळातून आणखी एक गोष्ट ओढून नेली, जिच्याकडे दुखापतींच्या चर्चेत पुरेसे लक्ष जात नाही. ती म्हणजे पंच. हौशी हॉकीतील पंच पुष्कळदा पंधरा-सोळा वर्षांची शाळकरी मुले-मुली असतात. खिशाला थोडे पैसे आणि बर्फावर राहण्याची हौस एवढीच त्यांची मिळकत. खेळ बंद पडला तेव्हा त्यांतील अनेक जण दुसरीकडे वळले आणि परतले नाहीत. परत न येण्याचे एक मोठे कारण पालकांचा आरडाओरडा हेही आहे. पंच कमी म्हणजे एका पंचावर अधिक सामने, अनुभवी पंचाच्या जागी नवखा, आणि द्यायला हवी ती शिक्षा देताना कचरणारा हात. पाठीमागून फळीवर ढकलणाऱ्याला वेळीच खोक्यात बसवले नाही, तर पुढच्या दहा मिनिटांत दुसऱ्या बाजूचा कुणी तरी हिशेब चुकता करतो. त्या हिशेबात मान मोडू शकते. कॅनडातील काही प्रांतांत आता अल्पवयीन पंचांच्या दंडावर हिरवी पट्टी असते. ओरडण्याआधी प्रेक्षकाला कळावे की समोर कुणाचे तरी मूल आहे.

खेळ सुरू झाला त्याच २०२१-२२च्या हंगामात ‘हॉकी कॅनडा’ने मैदानावरील अपमानास्पद वागणुकीसाठी शिक्षांचे नवे कलम लागू केले आणि वंश, लिंग, अपंगत्व यांवरून झालेल्या शेरेबाजीच्या नोंदी देशभर ठेवायला आरंभ केला. पहिल्या वर्षी ९२७ घटना नोंदल्या गेल्या; त्यांपैकी ५१२ वेळा पंचांनी तेथल्या तेथे शिक्षा दिली. काहींनी लगेच निष्कर्ष काढला की महासाथीने मुले बिघडवली. तसे म्हणता येत नाही, कारण त्याआधी अशी देशव्यापी मोजणीच नव्हती. दुखापतींच्या आकड्यांबद्दल वर जे लिहिले त्याचाच हा दुसरा चेहरा: तेथे खेळ थांबल्यामुळे आकडा घटला, येथे मोजायला लागल्यामुळे तो दिसला. त्या ९२७ घटनांमागे ९२७ मुले आहेत, त्यांत आपल्यासारख्या नावांची आणि आपल्यासारख्या रंगाचीही असतील, एवढे मात्र विसरू नये. नातू सामन्याहून गप्प गप्प परतला तर जखम केवळ गुडघ्यावर शोधू नये.

मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याबद्दल थोडेसे, कारण प्रेक्षकांच्या बाकावरील आजी-आजोबांना ते अनेकदा आई-वडिलांआधी लक्षात येते. बेशुद्ध पडणे आवश्यक नसते. धडकेनंतर मूल गोंधळलेले दिसणे, तोच प्रश्न पुन्हा विचारणे, डोके दुखणे, मळमळणे, उजेड वा आवाज नकोसा होणे, नेहमीपेक्षा चिडचिड करणे, यांपैकी काहीही दिसले तर त्या दिवशी त्याने पुन्हा बर्फावर जायचे नाही, प्रशिक्षक काहीही म्हणो. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झोपेतून जागे करणे कठीण, आकडी, हातापायांत अशक्तपणा असेल तर तत्काळ रुग्णालय. पूर्वी अशा मुलाला अंधाऱ्या खोलीत कित्येक दिवस निजवून ठेवत. आता तसे सांगत नाहीत. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, पडद्याकडे कमी पाहणे, आणि नंतर त्रास फारसा वाढणार नाही इतके हलके चालणे, यानेच मेंदू लवकर सावरतो. शाळा आधी, खेळ नंतर. दातांचे रबरी आवरण न कुरकुरता घालायला लावावे. ते दात तर वाचवतेच, पण मेंदूच्या हादऱ्याचा धोकाही काही प्रमाणात कमी करते असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसले आहे.

आणि ज्येष्ठांनो, बर्फमैदानाच्या वाहनतळावर, ओल्या रबरी चटईवर, थंड पायऱ्यांवर आपणही घसरू शकता. त्यासाठी पात्याचे बूट लागत नाहीत. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, मग ती वॉर्फरिन असो वा नवी कोणती, तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा, बरे वाटत असले तरीही. उतारवयात कवटीच्या आत संथ रक्तस्राव होऊ शकतो आणि त्याची लक्षणे दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा उमटतात. चालण्यात फरक, बोलण्यात चाचरणे, दिवसा अकारण झोप, अचानक वाढलेला विसराळूपणा. तोवर पडल्याचे कुणाच्या ध्यानातही राहिलेले नसते आणि घरचे म्हातारपण म्हणून सोडून देतात. शुश्रूषा करणाऱ्याने डोके आपटल्याची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावी, आणि पुढील दोन महिने दवाखान्यात जाताना, कारण कोणतेही असो, ती डॉक्टरांना सांगावी.